अर्धं माझ्या पदरात

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. संक्रांत.

आज घरी आलो. दिवाळी झाली आणि पुण्याला गेलो, ते आज निमगावात पाय ठेवला. ऑपरेशनमध्ये ह्यांचा डावीकडचा जबडा काढला, जीभ निम्मी काढली. वर तीस वेळा मशीनचा शेक दिला. मान तव्याच्या बुडासारखी काळी झाली आहे. नाकात नळी आहे. नळीतून मोठ्या पिचकारीनं दूध, गाळलेली डाळ, नाचणीचं पाणी सोडायचं, दिवसातून आठ वेळा. पुण्याच्या सिस्टरनं मला चार दिवस उभं करून शिकवलं, मगच सोडलं.

ह्यांना बोलता येत नाही. लिहून दाखवा म्हणावं, तर हे शाळेची पायरी चढलेले नाहीत. सातव्या वर्षी बापाच्या मेंढरांमागं गेले ते गेलेच. मी दहावी पास, म्हणून सगळे कागद माझ्याकडे. मोबाईलमध्ये ह्यांना हिरवं आणि लाल, एवढी दोनच बटणं कळतात. तेव्हा इथून पुढं ह्यांच्या मनातलं मीच ओळखायचं. तेहतीस वर्षं झाली लग्नाला, ओळखता येईल.

हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात हे लिहीत आहे. पानं वाया का घालवायची.

सुनेनं, प्रतिक्षानं, तिळाच्या वड्या केल्या होत्या. ह्यांच्यासमोर कुणी तोंडात घालेना. शेवटी ह्यांनीच ताट उचलून मुलापुढं, समर्थपुढं, धरलं आणि मान हलवली. समर्थ वडी घेऊन बाहेर गेला, बराच वेळ आला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी.

माणसांची रीघ लागली आहे. आजाराचं नाव कुणी घेत नाही. "मोठं दुखणं" म्हणतात, नाहीतर नुसती मान हलवतात. गेणबा आला होता. ह्यांच्याबरोबर मेंढरं राखलेला माणूस, थट्टेवाचून त्याला बोलता येत नाही. म्हणाला, "जोतीराव, तू गप झालास तवापासनं गावात थापा मारायला आमी मोकळं झालोय. खोडून काढायला कुणी न्हाय." हे नाकानं हसले. मी चहा टाकते म्हटलं तर गेणबा म्हणाला, "आत्ताच पिऊन आलोय, वैनी." पाणीही नको. आज पाच माणसं आली, पाचही जण पिऊन आलेली. हा आजार लागत नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं. पण ते मला सांगितलं होतं, गावाला नाही.

दुपारी अक्काबरोबर मागच्या ओट्यावर मिश्री लावायला बसले. अक्काबाई ह्यांची थोरली बहीण, शेजारीच राहते. पुण्यात एवढे दिवस ब्रशनं दात घासले, तोंड धुतल्यासारखं वाटलंच नाही. अक्का बोट घासता घासता थांबली आणि म्हणाली, "बानू, त्याला तोंडाचा आजार, अन् आपुण तोंडात तंबाखू घालून बसलोय व्हय गं?"

मी म्हटलं, "अक्का, त्यांचा बार चोवीस तास गालात असायचा. आपलं दात घासणं. मिश्री म्हंजी का तंबाखू खाणं हाय?"

"ते बी खरंच. माझी सासू सक्काळ-संध्याकाळ लावायची. सरणावर गेली तवा बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात. माझ्याकडं बघून हसतीया असंच वाटलं मला."

तीन महिन्यांनी आज पोटातून हसले.

१९ जानेवारी, रविवार.

बिरोबाला एकटीच जाऊन आले. नवस बोलले. बोललेला नवस कुणाला सांगायचा नसतो, सांगितला की त्यातला जोर जातो. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं धरते.

पदर पसरला आणि म्हटलं, देवा, ह्यांचं दुखणं अर्धं माझ्या पदरात घाल. सगळं मागत नाही, घर बघायला मी पाहिजे. अर्ध्यानं ह्यांना सोसवेल आणि मलाही झेपेल. तेवढ्यात पुजाऱ्यानं भंडारा उधळला, चिमूटभर पदरात पडला. मी तो बांधून आणला.

वाटेत वाटलं, आपण देवाशी बाजारात घासाघीस करावी तसं केलं का. पण देवाला माझा स्वभाव ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार.

आज जेवताना ठेचा तोंडात घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात निखारा ठेवल्यासारखी आग. मी लहानपणापासून ठेचा खाणारी बाई. प्रतिक्षा म्हणाली, "आई, मिरच्या त्याच आहेत, मी सकाळी त्याच खाल्ल्या."

आणि आजच दुपारी ह्यांनी तोंडानं दोन चमचे पाणी गिळलं. पहिल्यांदा. ठसका लागला नाही.

अंगातली उष्णता असेल, असंही मनात येतं. उपास फार होतात माझे. पण मग दोन्ही एकाच दिवशी कसं?

१२ फेब्रुवारी, बुधवार.

बारामतीला तपासणी. पुण्याला जायला नको म्हणून आता इथंच दाखवायचं ठरलं आहे. एसटीनं गेलो, बायकांना अर्धं तिकीट. समर्थ कंपनीतून दोन तासांची सुट्टी काढून आला. डॉक्टर योगिनी मॅडम तरुण आहेत, पण हात हलका. नळी काढली. नळी बाहेर आली तसे ह्यांनी नाकावरून हात फिरवला. वेसण काढल्यावर बैल करतो तसं.

मॅडमनी विचारलं, "घरात तंबाखू?"

मी म्हटलं, "बंद. पुडीसुद्धा येत नाही."

"आणि मावशी, तुम्ही? मिश्री वगैरे?"

माझी मान आपोआप हलली. नाही म्हणून. खोटं बोलले, इथं लिहून ठेवते. तपासायचं होतं ते ह्यांना. माझ्या दातांचं त्यांना काय करायचं?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमच्या टेबलावर बोट आपटलं, माझ्याकडे बोट केलं, काहीतरी बोलायला गेले. नुसती लाळ आली. मॅडमना वाटलं आवाजाचं विचारताहेत. म्हणाल्या, "काका, व्यायाम दिलेत ते रोज करा. शब्द येतील, घाई करू नका." ह्यांनी बोट खाली घेतलं.

एसटीत माझ्याशेजारी बसले नाहीत. मागच्या सीटवर बसले.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

आज घरात नको ते झालं. मिश्री संपली होती. बाजारातून पानं आणली होती, ती मागच्या चुलीवर भाजत होते. ह्यांना धुराचा ठसका नको म्हणून मुद्दाम मागं. हे आलेच. खोकत आले, फडक्यानं तवा उचलला आणि सगळं उकिरड्यावर ओतलं. मग घरात जाऊन देवळीतली माझी डबी आणली, तीही फेकली. पितळी डबी, माझ्या आईची.

मी बोलू नये ते बोलले. "सोताची तंबाखू सुटली म्हणून माझी बघवत न्हाय व्हय? मी तुमच्यापायी काय काय सोडलं ते तुमाला ठावं हाय का?" हे उभे राहिले. तोंड उघडं, हनुवटीवरून लाळ. पुसावी म्हणून हात उचलला, तर त्यांनी माझाच हात धरला आणि माझ्या गालाकडे नेला. मी हात सोडवून घेतला.

डबी शोधून आणली, घासली. आता ती अक्काकडे ठेवली आहे. अक्का म्हणाली, "गड्याची जातच तसली. आपलं ताट काढलं की शेजारच्याचं बी उचललं पायजे."

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपासाचा भगरीचा घासही झोंबला. दुपारी घरात कुणी नव्हतं. समर्थचा दाढीचा आरसा घेऊन अंगणात उन्हाला बसले आणि गाल ओढून पाहिला. आत पांढरा डाग आहे. दही चिकटल्यासारखा, पण पुसला जात नाही. कडेला लाल आहे. बोट लावलं तर रक्त लागलं.

डाव्या गालात आहे. ह्यांचंही डावीकडंच होतं.

आरसा खाली ठेवला आणि तिथंच हात जोडले. काल समर्थनं ह्यांना काट्यावर उभं केलं, वजन वाढलं आहे. पेज तोंडानं पितात. रंग परत आला आहे. आणि इकडे हे. आता शंकेला जागा नाही.

तोंड आलं की जाईचा पाला चावायचा, आई सांगायची. दारात जाईचा वेल आहे. हात पुढं केला आणि मागं घेतला. मागून घेतलेलं परत कसं करायचं?

१३ मार्च, गुरुवार. होळी.

पुरण शिजवलं. ह्यांच्यासाठी दुधात पातळ करून दिलं, वाटीभर प्यायले. चव लागते का, विचारलं, तर हात जरासा हलवला. थोडी लागते. माझ्या तोंडात पोळीचा घास जाईना. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, दोन बोटं मावतात फक्त. पोळी दुधात कुस्करून खाल्ली. ह्यांनी ते पाहिलं. माझ्या वाटीकडे आणि आपल्या वाटीकडे, दोन्हीकडे पाहिलं.

नंतर मी भांडी घासत होते. हे बॅटरी घेऊन आले, एका हातानं माझी हनुवटी धरली आणि अंगठा तोंडात घालायला लागले. जोरानं. मी घाबरले, ओरडले. प्रतिक्षा धावत आली, तिला वाटलं मारताहेत. समर्थही आला. त्यानं ह्यांचा हात धरून बाजूला केलं आणि म्हणाला, "तात्या, आजारी हायसा म्हणून कायबी करायचं? तिनं तुमचं काय न्हाय काढलं? गू-मूत काढलं तिनं!"

हे बॅटरी बंद करून गोठ्यात गेले. मी समर्थला म्हणाले असते, की बाळा, तसं नव्हतं. पण मग कसं होतं ते सांगावं लागलं असतं.

होळीला नैवेद्य दाखवायला हे आले नाहीत.

१६ मार्च, रविवार.

आजार डोक्यात चढतो का, हे कुणाला विचारावं? सारखे माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी बोलले की बघतात, जांभई दिली की उठून जवळ येतात. मी हल्ली पदर तोंडावर धरूनच बोलते. अक्का म्हणते कुणीतरी करणी केली आहे, लिंबू उतरून टाक. टाकलं.

माझा डावा कान ठणकतो. दाढ हलते आहे. दाढेला दुपारी जास्त मिश्री धरली की घटकाभर बरं वाटतं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

गुढी उभारली. कडुनिंबाची पानं चावली नाहीत, गिळली.

हे आता रोज सकाळी गोठ्यात शेळ्यांपुढं बसून आवाज काढतात. मॅडमनी दिलेला व्यायाम. जवळ गेलं की थांबतात. लांबून नुसती घरघर ऐकू येते, शब्द लागत नाही. तेच तेच घोकतात, लहान पोरानं पाढा घोकावा तसं. प्रतिक्षा हसत होती, "शेळ्यांना सगळं कळतंय हं आई, कान टवकारतात." काय घोकतात कोण जाणे. देवाचं नाव असेल.

उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग पडला होता. प्रतिक्षा उठायच्या आत धुतला. ह्यांची तब्येत मात्र चांगली आहे. काल गेणबाबरोबर मळ्यापर्यंत चालत जाऊन आले.

कधी कधी भीती वाटते. देवानं अर्ध्यावर हात थांबवला नाही तर? पण ह्यांच्याकडे पाहते आणि भीती गिळते.

९ एप्रिल, बुधवार.

बारामती. ह्यांची तपासणी. आज जे झालं ते होईल असं वाटलं नव्हतं.

नंबर आला, आत गेलो. मॅडम म्हणाल्या, "या काका, बसा खुर्चीत." हे बसले नाहीत. त्यांनी मला दंडाला धरलं आणि त्या खुर्चीत बसवलं. मी उठायला लागले तर खांदा दाबून धरला. आणि बोलले. गोठ्यात घोकलेलं ते हे होतं. एकेक अक्षर ओढून काढलं, पण मॅडमना कळलं, समर्थला कळलं, दारातल्या सिस्टरलासुद्धा कळलं.

"हिचं... बघा."

पाच महिन्यांनी ह्यांचा शब्द ऐकला. मला रडू आलं, आणि रडताना तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडमनी हसतच बॅटरी मारली. मग त्या हसायच्या थांबल्या. हातमोजे घातले. गालाच्या आतून, जिभेच्या खालून, हनुवटीखालून, सगळीकडून बोटं फिरवली.

"मावशी, किती दिवस झाले?"

"तोंड आलंय. उष्णता."

मॅडमनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी तीन बोटं वर केली. तीन महिने. म्हणजे संक्रांतीपासून? मला स्वतःला कळायच्या आधीपासून?

"मिश्री लावता ना तुम्ही?"

मी पदर तोंडावर ओढला. ह्यांनी मान डोलावली.

गालातला तुकडा काढून घेतला. टाका घातला. पुढच्या गुरुवारी अहवाल मिळेल, सगळे मिळून या, म्हणाल्या. मग ह्यांना म्हणाल्या, "आता काका तुम्ही बसा." हे नको नको म्हणून हात हलवत बाहेरच गेले. पुढच्या वेळी, अशी खूण केली. मॅडम हाका मारत राहिल्या. हट्टी माणूस. एवढं पन्नास किलोमीटर यायचं आणि स्वतःचं न दाखवता परतायचं.

परत येताना एसटीत माझ्याशेजारी बसले.

१७ एप्रिल, गुरुवार.

अहवाल आला. तोच आजार आहे. समर्थनं कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मॅडम म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही, पण घालवू नका. ऑपरेशन लगेच करायचं. गाल, थोडं हाड, मानेतल्या गाठी."

मी म्हटलं, "ऑपरेशन करणार नाही."

त्यांनी समजावलं. समर्थनं समजावलं. मी घाबरले आहे असं सगळ्यांना वाटलं. मी ऑपरेशनला घाबरत नाही. ह्यांचं सगळं जवळून पाहिलं आहे, जखमा मी धुतल्या आहेत. पण मी माझं कापून टाकलं तर ते जाईल कुठं? मागितलेलं फेकून दिलं तर ज्याचं आहे त्याच्याकडे परत जाईल. आत्ता कुठं हे पेज पितात, मळ्यात जातात, दोन शब्द बोलतात. हे मॅडमना कसं सांगणार? आणि सांगितलं की नवस संपला.

मिश्री सोडली. मॅडमसमोर समर्थच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी लागली. आज दुपारी ओट्यावर नुसतीच बसले, हात मोकळे. अक्कानं आपली डबी पदराखाली लपवली. मग म्हणाली, "बाने, मला बी गालात कायतरी खरखर लागतं गं."

मी म्हटलं, "दाखवून या."

मलाच दाखवणं नको होतं, आणि मी तिला सांगतेय.

२० एप्रिल, रविवार.

सकाळपासून घरात एकच विषय. समर्थ रडला. म्हणाला, "आई, एकाला बघून झालंय माझं, तुला बघायची ताकद न्हाय." प्रतिक्षानं पाया पडून पाहिलं. मी देवळात जायला निघाले, तर हे पुढं होऊन वाटेत उभे राहिले. गोठ्याकडे चल, अशी मान केली.

गोठ्यात बाजेवर बसलो. ह्यांनी खूण केली. का?

तेहतीस वर्षांत ह्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं, हा एक नवस सोडून. आणि आता ज्याच्यासाठी नवस तोच विचारतो आहे. सांगितलं. पदर पसरला ते, भंडारा पडला ते, ठेचा झोंबला ते, जाईचा पाला चावला नाही ते. म्हटलं, "तुमचं अर्धं मी घेतलंय. मला कापायला लावू नगासा. माघारी तुमच्याकडं यील."

ह्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. मग गळ्याभोवतीचा पंचा सोडला. माझा हात धरला आणि आपल्या मानेवर ठेवला, उजव्या कानाखाली, जिकडे शेक दिला नव्हता त्या बाजूला.

गाठ आहे. सुपारीएवढी, दगडासारखी घट्ट. बोटानं हलवली तर हलत नाही.

"माझं... माझ्यापाशी... हाय," हे म्हणाले. दम घेतला. माझ्या गालाला हात लावला. "ह्ये... तुझं."

"कवापासनं?" मी विचारलं.

शिमग्याच्या आधीपासून, त्यांनी हातानं होळी पेटवून दाखवली.

माझा तोल गेला. "अन् सांगितलं न्हाय? मॅडमपुढनं पळून गेलासा? एवढं शिकून बोलायला लागलासा ते माझ्यासाठी, सोतासाठी एक शबूद न्हाय?" मी त्यांच्या छातीवर मारलं. दोनदा.

त्यांनी मारू दिलं. मग एकेक शब्द काढत म्हणाले, "सांगितलं असतं... तर समदी... माझ्यामागं. तुझं तोंड... कोण बघतंय?"

खरंच होतं. मीच सगळ्यांत पुढं धावले असते, पदरानं तोंड झाकून.

समर्थला हाक मारली. दोघांचं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. मग उठून मॅडमना फोन लावला. "मॅडम, दोघांनाबी आणतो" एवढंच म्हणाला.

देवळात गेले नाही. बांधून ठेवलेला भंडारा जाईच्या मुळाशी टाकला. रागानं नाही. राग कुणावर करायचा. देवानं मला काही दिलं नव्हतं आणि ह्यांचं काही घेतलंही नव्हतं. मीच आपल्या मनानं हिशोब मांडत बसले होते.

पेज केली. ह्यांनी घेतली, मीही तीच घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहीत आहे. सकाळची पहिली एसटी धरली. ह्यांच्या मानेतून सुईनं पाणी काढून तपासणार आहेत, माझी ऑपरेशनच्या आधीची तपासणी आहे. अक्काही बरोबर आली आहे, कोपऱ्यात तोंड मिटून बसली आहे. निघताना एसटीच्या थांब्यावर गेणबा म्हणाला, "जोतीराव, आख्खी वस्तीच घेऊन चाललास की." आणि मग ह्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन त्यातलेच दोन घोट प्यायला.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण?"

समर्थ म्हणाला, "दोघं."

"दोघं कसे? नातेवाईक कोण मग?"

समर्थ पुढं होत होता. हे त्याच्या आधी खिडकीपाशी गेले आणि डावा अंगठा पुढं केला. त्या माणसाला काही कळेना, पण त्यानं शाईची डबी सरकवली. माझ्या कागदावर ह्यांचा अंगठा उठला. ह्यांच्या कागदावर नातेवाईक म्हणून मी सही केली.

आता आम्ही बाकावर आहोत. ह्यांचा अंगठा अजून निळा आहे, पुसायला फडकं सापडत नाही. मॅडम वेळ गेलेली नाही म्हणाल्या, ते माझ्यासाठी होतं. ह्यांच्याबद्दल अजून कुणी काही म्हणालं नाही.

आतून नाव पुकारलं. माझं आधी आलं. वही ह्यांच्या मांडीवर ठेवून जाते.